लहान रक्तवाहिन्यांचा दाह आणि उतारवयातले मेंदू-मज्जातंतूंचे विरळ त्रास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॅस्क्युलायटिस म्हणजे काय, आणि 'लहान' रक्तवाहिनी म्हणजे किती लहान?

रक्तवाहिनीच्या भिंतीला दाह होतो, त्याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. भिंत सुजली की आतली वाट अरुंद होते, कधी पार बुजते, तर कधी भिंतच कमजोर होऊन फुटते. त्या वाहिनीवर जगणाऱ्या भागाला मग रक्त कमी पडतं किंवा तिथे रक्तस्राव होतो. 'लहान' म्हणजे केशवाहिन्या आणि त्यांना लागून असलेल्या बारीक रोहिण्या व नीला. या इतक्या बारीक असतात की अँजिओग्राफीतही बहुतेक वेळा दिसत नाहीत. 'अँजिओग्राफी नॉर्मल आली, मग आजार कसा असेल?' या नेहमीच्या शंकेचं उत्तर इथेच आहे.

या आजारांची आजची विभागणी अमेरिकेतल्या चॅपल हिल इथल्या तज्ज्ञ परिषदेने 1994 मध्ये केली आणि 2012 मध्ये सुधारली. लहान वाहिन्यांच्या गटात तीन नावं वारंवार कानावर येतात. पहिलं ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस, म्हणजेच जीपीए. जुन्या फायलींमध्ये त्याला वेगेनर म्हटलेलं सापडेल. दुसरं मायक्रोस्कोपिक पॉलीअँजायटिस, म्हणजे एमपीए. तिसरं दम्याशी आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींशी जोडलेलं ईजीपीए, ज्याला पूर्वी चर्ग-स्ट्रॉस म्हणत. तिघांनाही मिळून 'अँका'शी निगडित व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. अँका ही रक्तातली प्रतिपिंडं असतात आणि ती आपल्याच पांढऱ्या पेशींवर उलटतात. याखेरीज क्रायोग्लोब्युलिन या थंडीत गोठणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांमुळे होणारा दाह (बरेचदा हिपॅटायटिस सी सोबत) आणि आयजीए नावाचं प्रतिपिंड वाहिन्यांत साठून होणारा आयजीए व्हॅस्क्युलायटिस हेही याच गटात येतात.

दाह रक्तवाहिनीला झाला, मग त्रास मज्जातंतूला कसा?

आपल्या बोलण्यात रक्तवाहिनीलाही 'नस' म्हणतात आणि मज्जातंतूलाही 'नस'च म्हणतात. त्यामुळे या आजाराबद्दल बोलताना अर्धा गोंधळ शब्दानेच होतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, पण एकमेकींवर अवलंबून आहेत. मज्जातंतू ही विजेच्या तारेसारखी कोरडी वस्तू नाही, तिला सतत रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या मज्जातंतूच्या अंगावरून आणि आतून जातात. त्या बुजल्या की तंतूचा तेवढा टप्पा उपाशी मरतो आणि तिथून पुढचा सगळा भाग हळूहळू झडतो. पायांचे मज्जातंतू सर्वांत लांब असल्यामुळे बहुतेकदा सुरुवात तिथेच होते.

हे उतारवयातच का दिसतं?

तरुणांनाही होतं, पण अँकाशी निगडित आजारांचं प्रमाण साधारण साठी-सत्तरीत सर्वाधिक असतं. एमपीएचे रुग्ण तर बहुतांशी ज्येष्ठच. तरीही एकूण आजार विरळाच आहे, दर दहा लाख लोकांमागे वर्षाला काही मोजके नवे रुग्ण.

ज्येष्ठांच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच असते. त्यांच्या प्रत्येक तक्रारीला आधीच एक तयार कारण हजर असतं. पायाला मुंग्या आल्या तर मधुमेह, पाऊल लटकलं तर मणका, ऐकू कमी आलं तर वय, रात्री चारदा लघवीला उठले तर प्रोस्टेट, विसरायला लागले तर म्हातारपण. बहुतेक वेळा ही कारणं बरोबरही असतात, आणि म्हणूनच ती फसवतात. मला विचाराल तर या वयात लक्षण कोणतं आहे यापेक्षा ते किती वेगाने आलं आणि सोबत आणखी काय चाललं आहे, हे आधी पाहावं. म्हातारपण आठवड्यांत येत नाही.

बाबांचं उजवं पाऊल दोन दिवसांत लटकायला लागलं. चप्पल पायातून निसटते. हे व्हॅस्क्युलायटिस असू शकतं का?

असू शकतं, पण आधी हे सांगतो की पाऊल लटकण्यामागे व्हॅस्क्युलायटिस क्वचितच असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला लागून जाणारा मज्जातंतू दाबला जाणं किंवा कमरेच्या मणक्यातली गादी सरकणं, ही कारणं कितीतरी अधिक आढळतात. वजन झपाट्याने उतरलेल्या आणि पायावर पाय टाकून बसायची सवय असलेल्या माणसाला तेवढ्यानेही हे होऊ शकतं.

संशय वाढवणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत. दाहामुळे मज्जातंतू गेला तर सहसा आधी खोल, जळजळणारं दुखणं येतं आणि पाठोपाठ काही तासांत किंवा दिवसांत ताकद जाते. मग काही आठवड्यांत दुसऱ्याच ठिकाणी तसंच घडतं. आज उजवं पाऊल, पुढच्या पंधरवड्यात डावा हात मनगटातून लुळा, नंतर डाव्या पायाची करंगळीकडची बाजू बधिर. एका वेळी एक, वेगवेगळ्या जागी, दोन्ही बाजूंना सारखं नाही. वैद्यकात याला मोनोन्यूरायटिस मल्टिप्लेक्स म्हणतात आणि व्हॅस्क्युलायटिसची ही सगळ्यांत बोलकी खूण मानली जाते. ईजीपीएच्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये मज्जातंतूंना इजा होते. जीपीए आणि एमपीएमध्ये प्रमाण त्याहून कमी असतं.

सोबत ताप, वजन घटणं, पायांवर जांभळे-लाल ठिपके, नाकातून रक्ताळ खपल्या, खोकल्यातून रक्त, उतारवयात नव्याने सुरू झालेला दमा किंवा लघवीत रक्त-प्रथिनं असतील, तर मणक्याच्या एमआरआयवर थांबून चालणार नाही. लघवीची साधी तपासणी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) त्याच दिवशी करून घ्या. मूत्रपिंडाचा दाह दुखत नाही, तो तपासणीतच सापडतो.

त्यांना मधुमेह आहे. मग हे मधुमेहाचं की व्हॅस्क्युलायटिसचं, कसं ओळखायचं?

मधुमेहातली बधिरता वर्षानुवर्षं घेत सावकाश चढते. दोन्ही तळव्यांना एकसारखी, मोजे घातल्यासारखी. ताकद बऱ्याच उशिरापर्यंत टिकते. याउलट एका बाजूला जास्त, वेगाने, ताकदीसकट गेलेलं असेल तर तो मधुमेह समजून सोडून देऊ नये. पण एक मेख आहे. मोनोन्यूरायटिसचे बरेच मज्जातंतू एकापाठोपाठ गेले की शेवटी चित्र दोन्हीकडे सारखंच दिसायला लागतं. रुग्ण उशिरा आला तर तपासणाऱ्यालाही ते मधुमेहासारखं वाटतं. म्हणून सुरुवात कुठून झाली, मग काय गेलं, हा क्रम घरच्यांनी तारखांसह लिहून नेला तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

मेंदूवरही परिणाम होतो का?

होतो, पण हातापायांच्या मज्जातंतूंच्या मानाने बराच कमी. त्याचे प्रकारही एकसारखे नाहीत. मेंदूतल्या बारीक वाहिन्या बुजून छोटे झटके येतात, क्वचित रक्तस्राव होतो. मेंदूचं बाहेरचं जाड आवरण सुजतं. जीपीएमध्ये नाक-सायनसमधली गाठ हाड पोखरत डोळ्याच्या खोबणीत किंवा कवटीच्या तळाशी पोचते. मेंदूच्या तळाशी असलेली, संप्रेरकं सोडणारी पिट्युटरी ग्रंथी दाहात सापडते. पाठीच्या कण्यातलं आवरण सुजून मज्जारज्जू दाबला जातो. यातल्या नेहमी विचारल्या जाणाऱ्यांबद्दल पुढे लिहिलं आहे.

आईचं डोकं तीन महिने दुखतंय. एमआरआयमध्ये 'पॅकीमेनिंजायटिस' लिहिलंय. हे काय आहे?

मेंदूला तीन आवरणं असतात. सर्वांत बाहेरचं जाड, चामड्यासारखं, त्याला ड्युरा म्हणतात. ते सुजून जाड होणं म्हणजे हायपरट्रॉफिक पॅकीमेनिंजायटिस. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, ड्युराला मात्र चांगल्याच कळतात. म्हणून डोकेदुखी हे पहिलं लक्षण असतं: रोजची, न हटणारी, रात्री झोपमोड करणारी, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी.

पुढचं लक्षण जास्त काळजीचं आहे. कवटीतून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंना याच आवरणातून वाट काढावी लागते. आवरण जाड झालं की ते आवळले जातात. मग एकाचे दोन दिसणं, नजर अंधुक होणं, चेहऱ्याची एक बाजू पडणं, ऐकू न येणं, गिळताना ठसका लागणं, आवाज घोगरा होणं, यातलं काहीही होऊ शकतं.

एमआरआय करताना शिरेतून गॅडोलिनियम (चित्र ठळक करणारं औषध) दिलं तरच हे नीट दिसतं. साध्या एमआरआयमध्ये निसटू शकतं, म्हणून 'एमआरआय केलाय' एवढं पुरत नाही, कोणता केला ते बघा. मूत्रपिंडं कमजोर असतील तर तसं आधी सांगा, म्हणजे औषधाची निवड त्याप्रमाणे होते. आणि जाड ड्युरा दिसली म्हणजे व्हॅस्क्युलायटिसच, असंही नाही. क्षयरोग, आयजीजी4 या प्रतिपिंडाशी निगडित आजार, कर्करोगाचा फैलाव, मेंदूभोवतालच्या पाण्याचा दाब कमी होणं, यांतही तसंच दिसतं. क्षयरोग असताना नुसतं स्टेरॉइड चालू केलं तर तो भडकतो. त्यामुळे पाठीतून पाणी काढणं आणि कधी आवरणाचाच तुकडा तपासणं (बायोप्सी), हे टाळता येत नाही.

कान वाहतो, ऐकू येईनासं झालं, आता तोंडही वाकडं झालं. हे सगळं एकाच आजाराचं असेल?

असेल. अँका व्हॅस्क्युलायटिस मधल्या कानात सुरू होऊ शकतो. तिथे पाणी साठतं, अँटिबायोटिक दिलं तरी हटत नाही, पडद्यात नळी बसवूनही फरक पडत नाही, आणि काही आठवड्यांत आतल्या कानाचं ऐकणंही जायला लागतं. चेहऱ्याचा मज्जातंतू मधल्या कानाला अगदी खेटून जातो, त्यामुळे तोही दाहात सापडतो. ज्येष्ठ व्यक्तीचं ऐकणं आठवड्यांत दोन्हीकडून घसरलं, तर आधी श्रवणयंत्र घ्यायला जाऊ नका, आधी अँका तपासा. आतल्या कानाचं नुकसान लवकर उपचार केले तरच परत येण्याची आशा असते.

खूप तहान लागते आणि रात्रभर लघवी. साखर मात्र नॉर्मल आहे.

पिट्युटरीच्या मागच्या भागातून पाणी राखून ठेवणारं संप्रेरक स्रवतं. जीपीएमध्ये, फार थोड्या रुग्णांत, ही ग्रंथी किंवा तिचा देठ दाहात सापडतो आणि ते संप्रेरक कमी पडतं. लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि भरपूर होते, रात्रीही तेवढीच, आणि थंड पाणी सतत हवंसं वाटतं. प्रोस्टेटच्या त्रासात माणूस वारंवार जातो, पण एका वेळी थोडीशीच होते. चोवीस तासांची लघवी मोजली की हा फरक लगेच कळतो.

यात एक गंमत अशी की ग्रंथीच्या पुढच्या भागाचंही काम मंदावलेलं असेल, तर कॉर्टिसॉल या शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडच्या अभावामुळे हा त्रास झाकला जातो. स्टेरॉइड सुरू झालं की तो उघडा पडतो. मग घरच्यांना वाटतं, औषधाने नवीनच दुखणं आणलं. उपचाराला डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्या संप्रेरकासारखंच औषध, मिळतं, पण ज्येष्ठांमध्ये त्याने सोडियम पटकन खाली येतं, म्हणून सुरुवातीला रक्तातलं सोडियम वारंवार पाहावं लागतं.

पक्षाघाताचा झटका या आजाराने आला की रक्तदाबाने, हे कळतं का?

नेहमी नाही. सत्तरीतल्या माणसाला झटका यायला रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके अशी बरीच कारणं पुरतात, आणि दाहामुळे धमन्या कठीण होण्याचा वेगही वाढतो. ईजीपीएमध्ये आणखी एक वाट आहे. हृदयाच्या स्नायूला दाह होऊन कप्प्यात गुठळी धरते आणि ती मेंदूत जाते. म्हणून अशा रुग्णाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाच पाहिजे. वेगवेगळ्या वाहिन्यांच्या क्षेत्रांत, थोड्या दिवसांच्या अंतराने अनेक लहान झटके, सोबत वाढलेलं सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) आणि लघवीत रक्त, असं चित्र असेल तर संशय घ्यावा. तातडीचा उपचार मात्र कोणत्याही झटक्यासारखाच. कारण शोधत घरी बसायचं नाही.

काही आठवड्यांतच विसराळूपणा आणि गोंधळ वाढला. हा स्मृतिभ्रंश आहे का?

इथे एका वेगळ्याच आजाराचा विचार करायला हवा. उतारवयात मेंदूच्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं. काही मोजक्या लोकांत शरीराची प्रतिकारशक्ती त्या साठ्यावर तुटून पडते आणि मेंदूपुरताच मर्यादित असा वाहिन्यांचा दाह होतो. आठवड्यांत बुद्धी घसरते, स्वभाव बदलतो, फिट येते, डोकं दुखतं. एमआरआयमध्ये पांढऱ्या भागात सूज आणि रक्ताचे सूक्ष्म ठिपके दिसतात. अँका निगेटिव्ह येते, मूत्रपिंडं ठीक असतात, सीआरपीही बऱ्याचदा नॉर्मल. हे ओळखलं गेलं तर बऱ्याच रुग्णांना स्टेरॉइडने ठळक सुधारणा होते, आणि स्मृतिभ्रंशाच्या शिक्क्याखाली दडलं तर तेवढीही संधी जाते.

अर्थात वेगाने आलेल्या गोंधळामागे साधी कारणं आधी शोधतात: संसर्ग, सोडियम कमी होणं, औषधं, डोक्याला मार लागून साठलेलं रक्त.

कानशिलं दुखतात, जबडा चावताना दुखतो. हाच आजार का?

ही लक्षणं जायंट सेल आर्टेरायटिसची आहेत. तो मोठ्या वाहिन्यांचा आजार असून पन्नाशीनंतरच होतो. त्यात एका दिवसात नजर जाऊ शकते, म्हणून संशय आला की तुकडा तपासणीची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात. अपवादाने अँका व्हॅस्क्युलायटिसही कानशिलाच्या धमनीत उतरतो, त्यामुळे लघवीची तपासणी इथेही करून ठेवावी.

अँका निगेटिव्ह आली. सुटलो का?

नाही. ईजीपीएच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत ती निगेटिव्हच असते, आणि मज्जातंतूंपुरता मर्यादित व्हॅस्क्युलायटिसही असतो, त्यात रक्ताच्या तपासण्या जवळपास सगळ्या नॉर्मल येऊ शकतात. उलट, पॉझिटिव्ह आली म्हणून आजार आहेच असंही नाही. क्षयरोग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, हायड्रॅलाझिन किंवा प्रॉपिलथायोयुरॅसिलसारखी औषधं यांनीही ती पॉझिटिव्ह येते.

मज्जातंतूंची वहनचाचणी आणि ईएमजी (स्नायूंतली विद्युत हालचाल मोजणारी चाचणी) यांतून कोणता तंतू किती गेला ते कळतं. पक्कं निदान तुकड्यानेच होतं. घोट्याजवळचा सुरल मज्जातंतू, शक्यतो स्नायूच्या तुकड्यासह, काढतात. पायाच्या बाहेरच्या कडेला थोडी बधिरता कायमची राहते, हे आधी सांगितलेलं बरं. मूत्रपिंड किंवा नाकातून सोपा तुकडा मिळत असेल तर मज्जातंतूला हात लावायची गरज नसते.

एवढ्या वयात इतकी कडक औषधं झेपतील का?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो रास्तच आहे. औषधं नव्हती तेव्हा काय होत होतं, ते आधी पाहू. 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उपचार न मिळालेल्या वेगेनरच्या रुग्णांचं सरासरी आयुष्य 5 महिने होतं. म्हणजे 'वय झालंय, राहू दे' हा काही सौम्य पर्याय नाही.

मज्जातंतू किंवा मेंदूला इजा होत असेल तर तो गंभीर आजार धरतात. सुरुवात स्टेरॉइडने, बरेचदा सलग 3 दिवस शिरेतून. सोबत सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटक्सिमॅब, ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. 2010 मध्ये आलेल्या 'रेव्ह' चाचणीत रिटक्सिमॅब सायक्लोफॉस्फमाइडपेक्षा मागे पडलं नाही. सायक्लोफॉस्फमाइडचा डोस वय आणि मूत्रपिंडाचं काम पाहून कमी करतात. 2020 च्या 'पेक्सिव्हास' चाचणीत 704 रुग्ण होते. त्यात स्टेरॉइड झपाट्याने उतरवूनही मृत्यू आणि मूत्रपिंड निकामी होण्याच्या बाबतीत तोटा झाला नाही, उलट गंभीर संसर्ग कमी झाले. ज्येष्ठांसाठी ही मोठीच गोष्ट होती. ईजीपीएमध्ये मेपोलिझुमॅबसारखी इओसिनोफिलवर काम करणारी औषधंही आहेत.

पहिल्या वर्षात धोका आजाराइतकाच, किंबहुना जास्त, संसर्गाचा असतो. म्हणून न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळायला को-ट्रायमॉक्साझोल देतात, हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय रिटक्सिमॅब देत नाहीत, आणि लसी शक्य तितक्या आधी उरकतात. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र उपचार चालू असताना चालत नाहीत. स्टेरॉइड मनाने कधीही बंद करू नये. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं, आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

उपचार चालू असताना नवीनच अशक्तपणा आला. आजार वाढला का?

जागा पाहा. पाऊल, घोटा, मनगट यांतली ताकद गेली तर मज्जातंतूचा विचार करावा. खुर्चीतून उठता येत नाही, जिना चढता येत नाही, पण पावलं ठीक आहेत आणि बधिरता नाही, तर स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू झिजले असण्याची शक्यता जास्त. यातल्या एकाला औषध वाढवावं लागतं आणि दुसऱ्याला कमी, त्यामुळे अंदाजाने ठरवू नये.

गोंधळ, झोप उडणं, चिडचिड किंवा भास स्टेरॉइडनेही होतात. एकाएकी डोकेदुखी, दिसेनासं होणं आणि फिट एकत्र आली तर रक्तदाब वाढून मेंदूच्या मागच्या भागाला सूज आलेली असू शकते. ती वेळीच सापडली तर बहुधा उतरते. रिटक्सिमॅबनंतर हळूहळू वाढत जाणारा लुळेपणा किंवा बोलण्यातला बदल दिसला तर पीएमएल नावाचा मेंदूचा विषाणुसंसर्ग वगळावा लागतो. तो अत्यंत विरळ आहे, पण त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवणं घातक ठरतं.

आजार आटोक्यात आहे म्हणतात, मग पाऊल का उचलत नाही?

दाह विझायला आठवडे लागतात, मज्जातंतू वाढायला महिने. नवा तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर सरकतो, या वयात त्याहून सावकाश. इजा मांडीत झाली असेल तर पावलापर्यंतचा प्रवास दीड-दोन वर्षांचा आहे. काहींचा लुळेपणा बराच भरून येतो, पण थोडी बधिरता आणि जळजळ बहुतेकांत उरते. ही उरलेली जळजळ म्हणजे आजार उलटला असं नाही, आणि तिच्यासाठी स्टेरॉइड वाढवायचं नसतं.

तोवर पाऊल सरळ धरणारा स्प्लिंट वापरा, फिजिओथेरपी चालू ठेवा. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही. रोज झोपण्यापूर्वी तळवे कोणीतरी उजेडात पाहावेत. दुखण्यासाठी गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन देतात, पण मूत्रपिंडं कमजोर असतील तर नेहमीच्या डोसनेही माणूस झिंगून पडतो. अमिट्रिप्टिलिनने ज्येष्ठांना लघवी अडकणं आणि गोंधळ होऊ शकतो. 'शेजारच्यांना याने बरं वाटलं' म्हणून यातलं काही आणून देऊ नका.

पुन्हा उलटतो का?

उलटू शकतो, विशेषतः पीआर3 नावाच्या प्रथिनावर उलटणाऱ्या अँकामध्ये. म्हणून पहिला जोर ओसरल्यावरही काही वर्षं सांभाळणारा उपचार चालतो. नव्या जागी आलेलं दुखणं, नव्याने गेलेली ताकद, परत सुरू झालेल्या नाकातल्या खपल्या किंवा फेसाळ लघवी दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा. नजर, गिळणं, लघवीवरचा ताबा किंवा दोन्ही पायांची ताकद जात असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.